हिरवा चिमटा

हिरवा चिमटा मी काढला होता. हे वाक्य मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो — बायकोजवळसुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतोय, तर नीट सांगायला हवं.

नांदेडला एका संस्थेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी संगणक सांभाळायचो. चार खोल्यांत चार संगणक. पण मोतीबिंदूच्या पेशंटची यादी एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल माझ्या टेबलावरच्या मुख्य संगणकात. बाकीचे आपापल्या जागेवरून तीच उघडायचे. कुणाचं काम चालू असताना मुख्य संगणक बंद केला, तर फाइल खराब व्हायची भीती.

त्यावर शकीला आपांनी उपाय काढला. त्या नोंदणीला बसायच्या, वयानं माझ्याहून मोठ्या. माझ्या टेबलावर त्यांनी सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे आणले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा. फाइल उघडली की चिमटा सुतळीला लावायचा, बंद केली की काढून न्यायचा. सुतळी रिकामी झाल्याशिवाय मी संगणक बंद करायचा नाही.

"आपा, धुणं वाळू घालून राहिल्या काय?" मी चिडवायचो.

"हाव भाऊ, तुमचा शर्ट बी आणा."

हिरवा चिमटा त्यांचा.

त्या शनिवारी मला मुदखेडची गाडी गाठायची होती. घरी काही अडलं नव्हतं — रोजचीच गाडी, चुकली असती तर दुसरी मिळाली असती. सुतळीवर हिरवा चिमटा होता. पलीकडच्या खोलीत आपा कुण्या म्हाताऱ्याला ऑपरेशनची तारीख समजावत होत्या. आवाज येत होता. एक हाक मारायला काय झालं होतं? पण आधी दोनदा मी असंच बंद केलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं. चिमटा काढला, खिशात टाकला, संगणक बंद केला. खिशात का टाकला — ते मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी फाइल उघडली नाही. रोज पेनड्राइव्हवर कॉपी काढून ठेवायचं कामही माझंच. शेवटची कॉपी बारा दिवसांपूर्वीची. मधल्या दिवसांतली नावं गेली. नायगावकडची माणसं तारखेची चिठ्ठी घेऊन खिडकीशी उभी, आणि यादीत त्यांची नावं नाहीत.

साहेबांनी सगळ्यांना माझ्या टेबलापाशी बोलावलं. आपांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, मी चिमटा लावला होता ना हो?"

"न्हाई आपा. सुतळी रिकामी होती."

एवढंच बोललो. आवाज हललासुद्धा नाही. चिमटा तेव्हा घरी, खुंटीवरच्या पँटच्या खिशात होता. तो गेला कुठं, हे कुणी विचारलंच नाही.

"स्वतःच नियम करायचा अन् स्वतःच विसरायचा," साहेब म्हणाले. आपा सुतळीकडे बघत राहिल्या. त्यांना जळकोटच्या उपकेंद्रावर पाठवलं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मी तिथंच राहिलो. सुतळीही राहिली. नवीन माणसाला मी ती पद्धत समजावून सांगायचो, आणि ही कुणाची कल्पना असं कुणी विचारलं की दुसरंच बोलायला लागायचो.

मला काय वाटायचं? खरं सांगू — काहीच नाही. जेवायचो, झोपायचो, गाडी पकडायचो. वाटायला हवं हे कळत होतं. चिमटा मात्र टाकून देता आला नाही. कपाटात, कागदांच्या खाली, तो होता.

गेल्या महिन्यात लातूरला गेलो. आपा आता तिथं लेकीकडे असतात. त्यांनी चहा केला, बाहेर आल्या, परत आत जाऊन गॅस बघून आल्या. बसल्या. पुन्हा उठल्या.

"अम्मी, बंद आहे," लेक म्हणाली.

आपा ओशाळून हसल्या. "दवाखान्यातल्या त्या गोष्टीपासून माझा माझ्यावरच भरोसा न्हाई राहिला, भाऊ. केलेलं बी केलं न्हाई वाटतं."

मी चिमटा बशीशेजारी ठेवला. रंग बराच उडालाय. तरी हिरवा आहे, हे कळतं.

"तुम्ही लावला होता, आपा. मी काढला. साहेबांसमोर मी खोटं बोललो. चूक माझी होती."