माझी गंजी आणि सरळरावची डिश

सरळराव बोलायचा तुमच्याशी, पण नजर तुमच्या खांद्यावरून पार पलीकडे. पहिल्यांदा मला रागच आला. म्हटलं, "अरे, माणूस इथं उभा हाये, तिकडं काय पाह्यतं?" तर म्हणतो, "काका, मधात काही येते का, ते पाहून राह्यलो."

तेच त्याचं काम; डिश बसवणाऱ्या कंपनीनं त्याला आमच्याकडे पाठवलेला. आमच्या सिंदीच्या कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा रुळांच्या पलीकडे, ऑफिस अलीकडे. रुळांखालून तार न्यायची परवानगी मिळेना. म्हणून यानं दोन्हीकडच्या छपरांवर एकेक डिश बसवली, आणि काट्यावरचं वजन हवेतून ऑफिसच्या कॉम्प्युटरात यायला लागलं. "दोघींनी एकमेकींले सरळ पाह्यलं पाह्यजे," एवढंच त्याचं शास्त्र. सरळराव हे नाव मीच ठेवलं.

मी तिथला मुकादम. चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण कापसाची गंजी, म्हणजे रचलेला ढीग, माझ्यासारखी तालुक्यात कोणी लावून दाखवावी! हंगाम भरात आला, गंजी छपराच्याही वर गेली, आणि भर दुपारी काटा बंद. गाड्यांची रांग फाटकापर्यंत. लोक शिव्यांवर आले.

सरळराव आला, वर पाहिलं आणि मटकन खालीच बसला. दोन डिशांच्या मध्ये माझी गंजी! जागा त्यानं उन्हाळ्यात पाहिली होती, तेव्हा आवार रिकामं.

मालक ओरडले, "मुकादम, गंजी उतरव!"

"नाई उतरवत. डिश लावताना इचारलं नाई काऊन यानं मले?"

"मंग याच्या कंपनीले सांगून यालेच काढतो कामावरून!"

आता हा माझ्यावर ढकलणार, असं मला वाटलं. तो उठला. "गंजीले हात नका लावू. चूक माही हाये. डिश उंच करतो." आणि पाईप खांद्यावर घेऊन शिडी चढला.

ते छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं, जुनं, ठिसूळ. मी खालून ओरडलो, "खिळ्यांच्या रांगेवर पाय ठेव! तिथंच खाली लोखंड हाये!"

एक पाऊल चुकलं. पत्रा फुटला, पाय मांडीपर्यंत आत.

"हलू नको बापू!"

"हलत नाई काका. पाईप तेवढा धरून ठेवला हाये."

हळूहळू पाय काढला, खिळ्यांच्या रांगेनं रांगत गेला, पाईप बांधला, डिश इकडून तिकडे जराजराशी फिरवत राहिला. ऑफिसच्या खिडकीतून आवाज आला, "आलं, वजन आलं!" सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र तो शिडीवर येईपर्यंत त्याच्या पायांवरची नजर काढली नाही.

मांडीतून रक्त येत होतं. माझ्या खांद्यावरचा दुपट्टा बांधता बांधता मी म्हटलं, "गंजी उतरवू देली असती, तं काय बिघडत होतं?"

"लय देखणी हाये हो काका."

मालकांनी त्याला काढलं नाही. पुढे त्याच्याच कंपनीनं त्याला दूर कुठं पाठवलं. जाताना पाया पडला, मी पाठीत एक धपाटा घातला.

डिश अजून तिथंच आहे. पण ती पुन्हा झाकली गेली, तर त्या छपरावर दुसऱ्या कोणाला चढवायची माझी छाती होत नाही. यंदा गंजी मी छपराच्या खालीच थांबवली. हमाल हसतात, "काय मुकादम, थकले वाट्टे?"

"हो रे," म्हणतो, "थकलो."