कोंबडीला सिगरेट, हवालदाराला विडी

खटावकडचे हवालदार लालासाहेब सैन्यातून सुटले आणि चौऱ्याहत्तर साली विश्रामबागेतल्या एका प्रयोगशाळेत शिपाई म्हणून चिकटले. काम काय, तर सिगरेट पेटवायची! ओढणार मात्र पंप. अंड्यातल्या पिल्लाच्या श्वासनळीच्या पेशी डॉक्टरबाईंनी काचेच्या बशांत जगवल्या होत्या. निम्म्या बशांना रोज धूर, निम्म्या धुराविना शेजारच्या उबदार खोलीत.

"अगं, कोंबडीला शिग्रेट आन आमाला बिडी! काय जमाना आलाय!" हवालदार बायकोला, शालूबाईंना सांगत. शालूबाई विडीवरून वीस वर्षं भांडून थकल्या होत्या. आता त्यांचं एकच मागणं होतं, प्रयोग तडीस जावा आणि नवरा नोकरीत कायम व्हावा.

बाईंनी एकदा हवालदारांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशींवरची बारीक लव वाऱ्यावरच्या शाळूसारखी डुलत होती. धुराच्या बशीत सगळं ठप्प. हवालदारांना लय वाईट वाटलं.

आणि दोन महिन्यांनी धूर न दिलेल्या बशाही ठप्प! बाईंनी बाटल्या उकळल्या, अंडीवाला बदलला, काही उपयोग नाही. "बंदच करावं लागणार हे काम," त्या डोकं धरून म्हणाल्या.

हवालदारांना दरदरून घाम फुटला. थोरामोठ्यांपुढं विडी ओढायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. बाई मुलीच्या वयाच्या, पण साहेब म्हणजे साहेब! म्हणून हा शहाणा दिवसातून आठ वेळा लपून ओढायचा. कुठं? त्याच उबदार खोलीत. वर दार लावून!

"बाईसाहेब, गोळी घाला," ते ताठ उभे राहून म्हणाले. "त्या बशा म्याच मारल्या." आणि सगळं सांगून टाकलं.

बाई आधी लालबुंद झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. दुसऱ्या दिवशी वहीत नवा रकाना आला, विडीचा. "लालासाहेब, आता रोज आठ विड्या. माझ्यासमोर, घड्याळ लावून. धूर बशीवर सोडायचा."

हवालदारांनी विडी तोंडात धरली. काडी विझली. दुसरीही विझली. भिंतीकडं तोंड केलं, पटका डोळ्यांवर ओढला, तरी तिसरीही विझली. लढाईत न हललेला गडी तो!

"न्हाई जमत, बाईसाहेब," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "बिडी सोडतो, पन ह्ये न्हाई."

आणि सोडलीच की! विड्याही मग पंपानंच ओढल्या. वर्षाअखेर हवालदार कायम झाल्याचा कागद नाचवत घरी आले. शालूबाईंनी आधी त्यांचं तोंड हुंगलं, आणि मग कागद हातात घेतला.