चूलबंद आवतन

पंचवटीच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर पुंजा माळ्याचा फुलांचा एक तुकडा होता. नाशिकातल्या कितीतरी लग्नांच्या मुंडावळ्या त्या तुकड्यातून जात, तेव्हा पुंजानं जन्मात पुष्कळ लग्नं पाहिली असतील असं कोणालाही वाटावं. प्रत्यक्षात त्यानं ती दारापर्यंत पाहिली होती. परडी पोचवायची, हार हवाली करायचे, दारातून मांडवाचा जेवढा कोपरा दिसेल तेवढा डोळ्यांत घ्यायचा आणि मागं फिरायचं. पुढचं लग्न तो घाटाच्या पायऱ्या उतरता उतरता आपल्या मनानं लावून टाकी. त्या लग्नांत समया असत, अत्तरदाण्या असत, पंगतीमागून पंगती उठत, आणि कोणी रुसत नसे. यावरूनच ती खरी नव्हती हे ओळखावं.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. येसू ही त्याची एकुलती एक. मुलगा सायखेड्याच्या मंगळूबाबांचा, गोरक्ष नावाचा. नदी तीच, फक्त खालच्या अंगाला. पुंजाला ही गोष्ट फार आवडली. आपण इथं काठावर बसून पाण्यात सोडलेलं फूल लेकीच्या दारावरून जाणार, असं त्यानं बायकोला बोलून दाखवलं.

"फूल जाईल," कुसाबाई म्हणाली. "पर लुगडं न्यायला माणूसच लागंल. त्याचं काय ठरवलंत?"

ती मंदीची वर्षं होती. विलायतेत कुठंतरी बाजार कोसळला म्हणून नाशिकातले लोक दोनपदरी हारांवरून एकपदरी हारांवर आले होते. या दोन गोष्टींचा संबंध काय हे पुंजाला कळत नसे. ज्यांना कळत होता, त्यांनाही त्याचा फारसा उपयोग होत नव्हता. एकूण काय, लग्न बेतात बसवायचं होतं, आणि बेत कुसाबाईचा होता. दुपारी ती वाती वळत बसे आणि पुंजा मोगऱ्याला पाणी सोडून येऊन तिच्यासमोर आपलं लग्न मांडी.

"नवरदेवाला घोडा."

"त्याला पाय हायेत. मी बघितलेत."

"मग निदान चौघडा तरी..."

"सनई. एक. नि तिच्यासंगं सूर धरणारा आला तर यील, जेवणावर."

"मांडवाला वरून कापड?"

"तुमची फुलं लावा वरून. त्यांना कोण पैसं मागतंय?"

पुंजाला यात कधी हरल्यासारखं वाटलं नाही. घोडा गेला की त्याला मोकळी राहिलेली वाट दिसे, आणि त्या वाटेवर तो मोगऱ्याच्या पाकळ्या टाकी. तुटवड्यातून शोभा काढण्याची ही कला त्याच्या अंगातच होती. कुसाबाई तिला वेड म्हणे आणि तिच्यावर संसार चालवी.

जेवणाचं मात्र तिनं कोणाला बोलू दिलं नाही. भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गुळाची लापशी. दोन सुगीपासून ती तांदूळ बाजूला काढत होती, आणि तो पुरवायचा तर गल्लीला आवतन 'घरटी एक' द्यायचं हे तिनं पक्कं केलं होतं. म्हणजे घरामागं एक माणूस जेवायला. यात कमीपणा नव्हता; गल्लीत बहुतेक लग्नं अशीच होत. ज्याच्याकडे चार दाणे जास्त, तो 'चूलबंद' आवतन देई: त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं.

आवतन द्यायचं काम गुरवाचं. त्याबद्दल त्याला शिधा आणि नारळ द्यावा लागे. कुसाबाईनं हा शिधा वाचवायचं ठरवलं.

"तुम्हीच जावा. तोंड हाय, पाय हायेत. अक्षता द्यायच्या, तिथी सांगायची, घरटी एक म्हणायचं नि पुढं चालायचं. म्हणून दाखवा."

"घरटी एक," पुंजानं म्हणून दाखवलं.

काटकसरीनं केलेल्या नुकसानाचा हिशेब कोणी ठेवत नाही. ठेवला असता, तर त्यात हा शिधा वरच्या ओळीत आला असता.

पुंजा सकाळी धुतलेलं धोतर नेसून, कुंकवात घोळलेल्या अक्षतांची वाटी घेऊन निघाला. पहिलं दार नवसाबाईचं लागलं. नवसाबाई गल्लीतली सगळ्यांत म्हातारी बाई. नवरा गेला, लेक सासरी, घरात ती आणि एक मांजर. तिनं अक्षता डोळ्यांना लावल्या आणि हसून विचारलं, "घरटी एक का रं? म्हंजी माझ्याकडनं कोण धाडू? मीच यीन म्हणते."

पुंजाच्या मनात आलं, हिला घरटी एक म्हणायचं ते कशाला? एकच तर जीव. चूलबंद म्हटलं काय नि घरटी एक म्हटलं काय, दाणा तेवढाच लागणार. मग चांगला शब्द का द्यायचा नाही?

"मावशी, तुझी चूलबंद," तो म्हणाला.

नवसाबाईचा चेहरा असा उजळला की तिच्या दारात उन्हाची तिरीप आल्यासारखं पुंजाला वाटलं. "चूलबंद!" ती म्हणाली. "मला आजवर कुणी चूलबंद दिली न्हाई रं. एकटीला कोण देतं?"

तो शब्द तोंडात ठेवूनच पुंजा पुढच्या पायरीवर चढला. दार चंदर तांबटाचं. हातोडी थांबवून चंदर बाहेर आला. मागं त्याचे भाऊ, भावजया, पोरंटोरं. पुंजानं अक्षता दिल्या, तिथी सांगितली. पुढं जे आलं ते आपण बोललो की आपल्या तोंडातून नुसतं वारं गेलं, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. चंदर म्हणाला, "चूलबंद? वा, पुंजादादा! शोभतं तुम्हाला." आणि मग थांबणं अवघड झालं. एका दाराला चूलबंद आणि शेजारच्याला घरटी एक, असं कोणी म्हणतं का? तांबटाच्या ठोक्यांवर, उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यांखालून, पुंजा दारोदार चालत राहिला. कल्हईवाल्या रहेमानचाचाच्या घरी तर त्यानं अक्षतांबरोबर मोगऱ्याचं फूलही दिलं. त्याला दिसत होती ती एकच पंगत, गल्लीच्या या टोकापासून नदीपर्यंत गेलेली, आणि तिच्यात सगळे.

दुपारी चंदरची आई कुसाबाईला सांगून गेली, "मोठ्या मनाची माणसं हो तुम्ही. चूलबंद देणं आजकाल होतंय कुणाला?"

कुसाबाई ओरडली नाही. आत गेली, तांदळाच्या मडक्यांची झाकणं एकेक करून उघडून पाहिली, आणि परत लावली. ओरडली असती तर पुंजाला बरं वाटलं असतं.

"जाऊन सांगून येतो," तो म्हणाला. "चुकून बोललो म्हणून."

"दिलेलं आवतन माघारी घ्याल? त्यापरीस मांडवच काढून टाका." मग ती म्हणाली, "वऱ्हाड आधी जेवंल, त्याचं न्हाई काही. पर व्याही हात धुऊन मांडवातच बसणार. शेवटली पंगत कशी उठती ते बघायला. तिथं भात सरला, तर आपली येसू जलमभर सायखेड्यात भात सरलेल्या घरची म्हणूनच ऱ्हाईल. नाव घेऊन कुणी हाक मारायचं न्हाई तिला."

पुंजाला हे सगळं दिसलं. त्याची अडचण हीच होती, की त्याला सगळं दिसायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका रिवाजाप्रमाणे तांदूळ निवडायला आल्या. ओसरीवर सुपं घेऊन गोल बसल्या, गाणी सुरू झाली. कुसाबाईनं तांदूळ आणून मध्ये ओतला. ढीग ओसरीच्या मानानं लहान होता. गाणं मध्येच एका कडव्यावर थबकलं. बायकांनी ढिगाकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. कुसाबाई मान खाली घालून खडे शोधत होती. त्या तांदळात इतके खडे नव्हते.

नवसाबाई म्हणाली, "तांदूळ लय सुरेख हाय बाई. वास बघा कसा येतोय." आणि तिनंच गाणं उचललं.

पुंजा दारात मुंडावळ्या ओवत होता. तांदळाला वास आहे हे त्यानं ऐकलं आणि त्याला तेवढाच धीर आला.

लग्नाच्या दिवशी तो उजाडता मळ्यात गेला. मोगरा ऊन चढायच्या आत खुडावा लागतो. नदीवर पांढरट वाफ होती, पलीकडचे घाट तिच्यात अर्धे बुडाले होते. न्हाणीच्या पाण्यासाठी परसात पेटवलेल्या चुलाण्यांचा धूर येऊन गेला आणि विरला. मग स्वयंपाकाची वेळ झाली. मळ्यातून गल्लीची सगळी कौलं दिसत. रोज या वेळेला प्रत्येक घराच्या कौलांतून धूर निघे आणि गल्लीवर निळसर पांघरूण पडे.

आज कौलं स्वच्छ होती. धूर नाही. आकाश थेट कौलांना टेकलेलं. एवढी घरं आणि सगळी जणू श्वास धरून बसलेली, एका शब्दापायी. पुंजा हातातलं काम विसरला. इतकं सुंदर त्यानं काही पाहिलं नव्हतं. आणि ही सगळी कौलं आज उपाशी होती आणि त्याच्या दाराशी येणार होती.

मग एका घरातून बारीक धूर निघाला. नवसाबाईच्या.

पुंजाला वाटलं, मांजरासाठी काही ठेवलं असेल. मग चंदरच्या घरातून निघाला, चांगला जाड. मग त्यापलीकडून. मग रहेमानचाचाच्या. बघता बघता गल्लीवर नेहमीचं निळं पांघरूण आलं आणि वाऱ्यावर भाकरीचा वास मळ्यापर्यंत पोचला.

चूलबंद घेऊन चूल पेटवणं यासारखा अपमान नाही. तुझ्या अन्नावर आमचा भरवसा नाही, हे यजमानाच्या तोंडावर सांगणं ते. पुंजा बांधावर बसला. रागवायला हवं हे त्याला कळत होतं. त्यानं राग येण्याची थोडी वाट पाहिली. राग आला नाही. आला तो ओसरीवरचा ढीग, मध्येच थबकलेलं गाणं, आणि वासाच्या तांदळाचं ते कौतुक. त्या तांदळाला काही वास नव्हता. बाजारातला अगदी साधा तांदूळ होता तो.

तो उठला आणि राहिलेला मोगरा खुडू लागला. कुसाबाईला काही सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं. पण परडी घेऊन घरी गेला तेव्हा ती परसदारी उभी राहून गल्लीच्या कौलांकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांना धूर लागला होता. एवढ्या लांबून.

लग्न लागलं. सनईबरोबर सूर धरणारा आला, जेवणावर. येसू मोगऱ्याच्या मुंडावळ्यांआडून कोणाकडे बघत होती ते बापाला दिसलं नाही, पण गोरक्षचे कान लाल झाले. वऱ्हाड जेवून उठलं. मंगळूबाबा हात धुऊन, पान लावून, मांडवाच्या खांबाला टेकून बसले, अगदी कुसाबाई म्हणाली होती तसे.

मग गल्ली आली. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत, ठेवणीतले कपडे घालून, आणि चेहऱ्यावर उपास घेऊन. नवसाबाई दारातच मोठ्यानं म्हणाली, "वाढा गं बायांनो, सकाळपासनं पाण्यावर हाय मी!" आणि बसता बसता तिला ढेकर आला. तिनं तो पदराआड लपवला.

पत्रावळी मांडल्या गेल्या. "भात आणा, भात!" असा गलका उठला, आणि भात आला की प्रत्येकाचा हात पत्रावळीवर आडवा. "बास, बास. सावकाश घेतो." लापशीची बोटं चाटत लोक आमटीची तारीफ करत होते, आमटीची तारीफ करत वांग्याची चौकशी करत होते, आणि पंगतीतून भात पुन्हा पातेल्याकडे परत येत होता. रहेमानचाचाला कोणीतरी वऱ्हाडातल्यानं सहज विचारलं, "काय चाचा, चूलबंद का तुमचीपण?" चाचा खोटं बोलायचा नाही. तो म्हणाला, "पुंजाभाईनं सांगितलं नि आम्ही नाही ऐकलं, असं कधी झालंय?" आणि पुढं काही विचारलं जाऊ नये म्हणून तोंडात मोठा घास भरला. सबंध पंगतीत तेवढाच एक मोठा घास होता.

मंगळूबाबा हे सगळं बघत होते. शेवटची पंगत अर्ध्यावर आली तरी पातेल्यात भात दिसत होता. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"व्याही, एक विचारू का? आमच्याकडं चूलबंद म्हटलं की माणसं आदल्या रातीपासनं पोट रितं ठेवतात. तुमच्याकडं भात उरतोय?"

कुसाबाईच्या हातातला डाव पातेल्यावर थांबला. पुंजानं पंगतीवरून नजर फिरवली. चंदर तांबट मान खाली घालून एकेक शीत खात होता. त्याच्या मिशीत पिठल्याचा एक पिवळा ठिपका वाळून बसला होता, आणि पिठलं काही आज मांडवात शिजलं नव्हतं.

"शहरची माणसं, मंगळूबाबा," पुंजा म्हणाला. "जेवढी जास्त उपाशी, तेवढं कमी जेवतात."

मंगळूबाबांनी मान डोलावली. सायखेड्यात ही माहिती पुढं बराच काळ खरी मानली जाई. मग ते उठले, येसूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "मग उरलेली लापशी आणा बघू माझ्याकडं. आमी गावची माणसं."

पुंजानं कुसाबाईच्या हातातून डाव घेतला. मंगळूबाबांना लापशी वाढली, आणि भात-आमटी घेऊन तसाच पंगतीत शिरून चंदरसमोर उभा राहिला. चंदरनं घाईनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"हात काढ," पुंजा म्हणाला. "चूल बंद हाय ना तुझी?"

चंदरनं वर पाहिलं.

"चुलीतली राखसुदिक हलवली न्हाई, दादा," चंदर म्हणाला, आणि त्यानं हात काढला.

पुंजानं डाव भरभरून भात वाढला, वर आमटी ओतली, आणि तो शेवटचं शीत संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.