लाल झेंडीवर सुटलेली गाडी

सुभानराव,

तुम्ही ज्यात सहा सेकंद दिसता तो सिनेमा वाईट आहे, हे मी थिएटरच्या पायऱ्यांवरच सांगितलं होतं. पुन्हा सांगते, म्हणजे शंका नको. आगगाडीत बॉम्ब आहे हे नायकाला कळतं, खिशात मोबाइल असतो, पण फोन कुणालाच करत नाही. अकोट्याच्या पुलावरून मोटरसायकल काढतो, तीस किलोमीटरवरच्या सावली गावाच्या शेतांतून उडवतो आणि पाच मिनिटांत परत शहरात, प्रतापनगर स्टेशनावर हजर. बडोद्याच्या माणसाने यावर काय बोलावं? बॉम्ब फुटायला दहा मिनिटं उरलेली, त्यात एक अख्खं गाणं. आई गेली तेव्हा आणि चहा गार झाला तेव्हा नायकाचा चेहरा तोच. खलनायक मात्र नुसतं दार उघडायचं तरी डोळे वटारतो.

त्यात तुम्ही गार्ड. चौतीस वर्षं रेल्वेत खरंच गार्ड होतात, म्हणून कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. जुना गणवेश इस्त्रीला दिलात आणि आपल्या सोसायटीभर सांगत सुटलात. काम एवढंच, की हिरवी झेंडी दाखवायची. गाडी उभीच राहणार होती. ती सुटल्याचं दृश्य नंतर वेगळं घेणार होते.

शूटिंगच्या दिवशी मी आणि तुमची सून मृदुला दोरीपलीकडे उभ्या होतो. कॅमेऱ्याची माणसं रुळांवरच बसलेली. दिग्दर्शकाने, पुण्याचा मुलगा तो, इशारा केला आणि तुमचा हात वर गेला तो लाल झेंडी घेऊन.

"काका, हिरवी."

"रुळावर माणसं आहेत."

"ती आपलीच आहेत, काका."

"आपली असली म्हणून काय झालं? आधी उठवा त्यांना."

"त्यांना उठवलं तर शूटिंग कोण करणार?"

"ते तुम्ही बघा."

चार वेळा हेच. मृदुला ओढणीत तोंड खुपसून हसत होती. शेवटी ऊन उतरायला लागलं आणि तो म्हणाला, "राहू दे लाल. कोण बघतंय."

सगळ्यांनी बघितलं. पहिल्याच रविवारी तुम्ही जुन्या सहकाऱ्यांना आणि मला घेऊन बसलात. पडद्यावर तुम्ही लाल झेंडी धरून ताठ उभे, आणि मागून गाडी सुसाट. पाठच्या रांगेतून आवाज आला, "काका, लाल झंडी ने गाडी ऊपडी गई?" लाल झेंडी आणि गाडी सुटलीसुद्धा, म्हणून थिएटर हसलं. वर तुमचे सहकारी बळवंतराव म्हणाले, "सुभान्या, चौतीस वर्षं असंच चालवलंस का रे?" मध्यंतरातच तुम्ही उठलात.

दुसऱ्या दिवशी वर माझ्याकडे आलात, बसलाही नाहीत. "चारुताई, तुम्ही कॉलेजात शिकवलंय. सिनेमाच्या कंपनीला एक पत्र लिहून द्या. झेंडी बरोबर होती, गाडी चुकीची सुटली. तेवढं दुरुस्त करा म्हणावं. लोक मला लालवर गाडी सोडणारा गार्ड समजतात."

मी हो म्हटलं. लिहिण्याआधी नीट बघावं म्हणून सिनेमाला पुन्हा गेले. या वेळी फक्त तुमच्याकडे पाहिलं. समोर जिवंत माणसं आहेत, हे त्या अडीच तासांत एकट्या तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि त्या दिग्दर्शक मुलाला दुरुस्ती करा म्हटलं, तर गाडी काही तो थांबवणार नाही. तुमचे ते सहा सेकंदच कापून टाकेल.

हे तोंडावर सांगायला हवं होतं. परवा जिन्यात तुम्ही विचारलंत, "लिहिलंत का?" मी म्हटलं, "चष्मा सापडत नाही." चष्मा माझ्या नाकावर होता. तुम्ही तो पाहिलात, मान हलवलीत आणि खाली गेलात.

मृदुलाने आणून दिलेला कंपनीचा पत्ता पाकिटावर घातलाय, तिकीटही लावलंय. आत घालायचं पत्र तेवढं लिहायचं राहिलंय.