मास्तरच्या मापाचा मोजा

गणपतभाऊ गेले, हे मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. तापानं गेले आणि आदल्या दिवशी सगळं उरकलंही होतं... गडचिरोलीत आमची घरं हाकेच्या अंतरावर, आणि मला हे शिपायाकडून कळावं. तेव्हा खाली गेलेली मान महिना होत आला तरी नीट वर येत नाही.

त्यांचं सायकलचं दुकान. रशियानं आभाळात कृत्रिम चंद्र सोडला, त्या दिवसांत मी संध्याकाळी तिथं बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. उद्या माणूसही वर जाईल, तिथं हवा नाही, म्हणून त्याच्या पोशाखात हवा भरावी लागेल, असं एकदा त्यात आलं. गणपतभाऊंचा पंक्चरवरचा हात थांबला. "टुबात हवा भरली का ते कडक होते, मास्तर. मंग त्याचे बोटं कसे वाकतीन?" झालं, दोघांनाही खूळ लागलं. आतून सायकलच्या ट्यूबचं रबर, वरून कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड, असा हातमोजा आम्ही करायला घेतला. माप माझ्या हाताचं, कारण माझा पंजा हा एवढा आणि त्यांचा अगदी लहान. मोजा घालून भुईवरचं मोहफूल उचलता आलं की काम फत्ते, असं त्यांनी ठरवलं. शाळेच्या संमेलनात तो दाखवायचा, हे मात्र मी ठरवलं. हौस दांडगी ना.

सगळं गाव जमलं होतं. मी मोजा चढवला, मनगटाशी आवळला, त्यांनी पंप मारला. पण माप घेताना मी हात पाटीवर सपाट पसरला होता आणि मोजाही तसाच शिवलेला. पाचही बोटं ताठ उभी राहिली, फूल कसलं उचलतोय. त्यात त्यांनी सवयीनं सायकलचाच व्हॉल्व्ह बसवलेला, हवा आत घेणारा, बाहेर न सोडणारा, आणि घाईत तो उघडेना. मी हात वर करून उभा. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, आमालेबी आशीर्वाद द्या ना." मंडप हसून लोटपोट झाला. शेवटी जन्मभर पंक्चर जोडणाऱ्या त्या माणसानं आरीनं मोजा भोसकून माझा हात सोडवला.

त्यानंतर मी त्यांच्या दुकानावरून जाणंच टाळलं. तोंड दाखवायची लाज वाटायची. हवा भरायला सायकल बाजारापलीकडे नेऊ लागलो. ते तरी कुठे आले, असं मनाशी म्हणत राहिलो.

तेरवीनंतर भीतभीत घरी गेलो. सीताबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, एक मोजा पुढं ठेवला. नवा. बोटं अर्धवट मिटलेली, सायकलचं हँडल धरल्यासारखी.

"तुमचाच हाय, भाऊ. त्याईच्या हातात ढिला होये. सायकलची घंटी वाजली का बाहेर पाहेत. मास्तर आले का घालून पाहू म्हणत."

मी हात घातला. बाईंनीच पंप मारला. सुपातलं मोहफूल मी उचललं... अलगद उचललं गेलं.

मनगटाशी एक बारीक पितळी चावी होती. ती कशाला, मी विचारलं.

"हवा सोडाले. मास्तरचा हात पुन्हा अडकाले नाई पायजे म्हणत."

आता तो मोजा माझ्या टेबलावर असतो. कधी हात घालून पंप मारतो, मग चावी फिरवतो. हवा सुस्कारत निघून जाते, आणि हात सुटतो.