आखाजीच्या ताटातली कोय

आमच्या कुत्रीला नाव नव्हतं. आईनं तिला पिल्लू असताना गोठ्यामागून उचलून आणलं आणि नाव ठेवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आई तिला नुसतं "वं" म्हणायची, म्हणजे आमच्याकडचं "अगं". गंमत अशी की आबाही आईला "वं" म्हणूनच हाक मारायचे, कारण बायकोचं नाव घ्यायची आमच्या वडिलांच्या पिढीला चोरी. त्यामुळे आबांनी ओट्यावरून "वं" म्हटलं की स्वयंपाकघरातून दोघी बाहेर यायच्या आणि आबा म्हणायचे, पाणी मागितलं होतं, फौज नव्हती मागितली.

दिवाळीनंतर आई गेली. तिला बरं वाटेना म्हणून धुळ्याला नेलं होतं, ती तिथून परत आली नाही. पुढे आबांनी सवयीनं हाक मारली की एकटी कुत्रीच यायची. आबा तिच्याकडे बघायचे आणि स्वतः उठून माठातलं पाणी घ्यायचे.

होळीनंतर मी चार दिवसांसाठी माहेरी आले आणि करोनाच्या टाळेबंदीनं मला तिथंच बसवलं. आमचं गाव पारोळ्याजवळ, म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या कडेला. धुळे तसं हाकेच्या अंतरावर, पण मध्ये जिल्ह्याची हद्द. एरवी ही हद्द कुठं आहे हे एसटीच्या ड्रायव्हरलाही सांगता आलं नसतं. त्या उन्हाळ्यात मात्र तिथं बांबू आडवे पडले, पोलिसांचा तंबू लागला आणि धुळे एकदम परदेशात गेलं. नवरा तिकडे पुण्यात खिचडी शिकत होता आणि मी इकडे आबांच्या शिस्तीत राहत होते. दोघांपैकी कोणाचे हाल जास्त, यावर रोज फोनवर वाद व्हायचा.

तेवढ्यात आखाजी आली. बाकी महाराष्ट्राला अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आम्हा खान्देशींना हा दिवस लेकीचा आणि पितरांचा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि घरातल्या वारलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. पाण्यानं भरलेल्या घागरीवर खरबूज आणि आंबा ठेवायचा, चुलीत घास टाकायचा आणि गेलेल्याच्या जागी बाहेरचं एक माणूस बोलावून त्याला पोटभर जेवू घालायचं. त्या माणसालाही त्या दिवसापुरतं पितरच म्हणतात. आईची ही पहिली आखाजी, आणि आई सवाष्ण गेलेली, म्हणून जेवायला सवाष्णच हवी.

पण येणार कोण? शेजारच्या अक्का दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायच्या, गावात त्यांच्याइतका मान कोणाला नव्हता. आबा भिंतीपाशी जाऊन त्यांना आमंत्रण देऊन आले. अक्कांनी पदर नाकावर ओढला आणि भिंतीच्या पलीकडून सांगितलं की भाऊ, राग मानू नका, यंदा देवाच्या घरचं बोलावणं आलं तरी मी उंबरा ओलांडणार नाही. ताट पाठवतो म्हटलं तर तेही नको म्हणाल्या. मी म्हटलं, आबा, मी आहे ना सवाष्ण, मीच बसते. ते म्हणाले, लेक आखाजीला जेवते ती तिच्या हक्कानं, दुसऱ्याच्या नावानं नाही. विषय संपला.

आता मी खापरावरची पुरणपोळी केली ती सांगण्यासारखी नाही. उलट्या खापरावर हातभर पोळी टाकायची म्हणजे मनगटात आईचं कसब हवं. माझ्या पोळ्यांना भोकं पडली. आबांनी पहिली पोळी हातात धरून तिच्यातून माझ्याकडे पाहिलं, आणि चवीला बरी असेल, असं म्हणाले. शेवटी ताट वाढलं. पोळी, रस, कुरडई, कटाची रशी, सगळं. आबांनी पाट मांडला, ओट्याकडे तोंड केलं आणि हाक मारली, "वं!"

कुत्री आली. आबांनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि तिला पाटावर बसवलं. मी तोंडाला पदर लावून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदम. आबा मात्र गंभीर. तुझ्या आईनं वाढवलेली आहे, बाहेरच्या सवाष्णीपेक्षा हिचा हक्क मोठा, असं त्यांनी मला बजावलं. मग काहीतरी आठवल्यासारखे आत गेले आणि रस काढून उरलेल्या गावरान आंब्यांच्या कोया घेऊन आले. लहान लहान कोया, दोऱ्यांनी भरलेल्या. त्या त्यांनी ताटात रसाच्या वाटीशेजारी ठेवल्या. आईला कोय फार आवडायची, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांची जेवणं झाली की ती चुलीपाशी बसून कोया चोखायची, हे मी लहानपणापासून बघत आले.

कुत्रीनं आधी पुरण खाल्लं, मग रस चाटला. कोया तिनं अंगणात नेल्या आणि आम्ही कौतुकानं बघत राहिलो. "पोट भरनं का वं?" आबांनी विचारलं. तिनं शेपूट हलवलं. आबांना त्या दिवशी आई गेल्यानंतर पहिल्यांदाच गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कुत्री ओकली. मग खाणं बंद झालं. पाठ वाकडी करून ती घागरीपाशी बसून राहू लागली. साऱ्या गल्लीनं भिंतीवरून डॉक्टरकी केली. कोणी तूप सांगितलं, कोणी ओवा, आणि अक्कांनी तर तिकडूनच मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली, इतक्या लांबून की ती नक्की कोणाची निघाली देव जाणे. आबा चिडले होते, पण स्वतःवर. अंगणात त्यांनी कोया शोधल्या. बाकीच्या सापडल्या, एक सापडेना. त्यांनी गोठ्याचा कोपरा न् कोपरा झाडून काढला आणि मग खाली बसले. मला म्हणाले की पितराला जेवायला बोलावलं आणि मीच तिचा घात केला.

टाळेबंदीत माणसांचे अर्धे दवाखाने बंद होते, पण गुरांचा दवाखाना चालू होता. आम्ही तिला गोधडीत गुंडाळून तिथं नेलं. माणसांना लांब लांब उभं राहता यावं म्हणून तिथं चुन्यानं वर्तुळं आखली होती. त्या वर्तुळांत बैल आणि शेळ्या शहाण्यासारख्या उभ्या होत्या आणि माणसं लिंबाच्या सावलीत एकमेकांना खेटून गप्पा मारत होती. गुरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. कोय अडकली असणार, ऑपरेशन करावं लागेल आणि ते इथं होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. धुळ्यातल्या कुत्र्यामांजरांच्या एका डॉक्टरांशी त्यांची ओळख होती, त्यांना त्यांनी लगेच फोन लावला. वेळ दवडू नका, असंही म्हणाले.

धुळ्याचं नाव ऐकल्यावर आबांचा चेहरा उतरला. मलाही कळलं का ते. त्याच रस्त्यानं आम्ही आईला नेलं होतं.

पाससाठी मी मोबाईलवर अर्ज भरायला बसले. प्रवासाचं कारण विचारलं होतं, मी वैद्यकीय लिहिलं. रुग्णाचं नाव विचारलं तिथं माझी गाडी अडली. नाव नसलेल्या रुग्णाची सोय सरकारनं केलेली नव्हती. शेवटी गल्लीतला एक भाऊ भाजीचा टेम्पो चालवायचा, त्याच्याकडे जिल्ह्यापुरता पास होता. तो म्हणाला, नाक्यापर्यंत सोडतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मागे गिलक्यांची म्हणजे घोसाळ्यांची पोती, त्यांच्यात मी, आबा आणि आबांच्या मांडीवर कुत्री. ऊन मी म्हणत होतं. आबांनी स्वतःचं उपरणं ओलं करून तिच्यावर टाकलं होतं आणि वाटभर तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते.

नाक्यावरच्या हवालदारानं आधी पोत्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. पास नाही म्हटल्यावर मान हलवली. आबांनी सगळं सांगायला सुरुवात केली आणि आमचे आबा सांगायला लागले की मुळापासून सांगतात. आईचं जाणं, घागर, अक्कांचा नकार, पाट, हळदकुंकू. कुत्रीच्या कपाळावर कुंकवाचा डाग अजून होता, तोही दाखवला. हवालदार आधी मास्कच्या आत हसत होता, हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. मग तो हसायचा थांबला. एवढ्यात पलीकडून धुळ्याच्या डॉक्टरांची गाडी येऊन थांबली. गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना नाक्यापर्यंत यायला राजी केलं होतं, हे आम्हाला तिथंच कळलं. अंगावर पांढरा झगा आणि तोंडावर प्लास्टिकचा पडदा. कुत्रीनं तेवढ्या दुखण्यातही त्यांच्यावर एकदा भुंकून घेतलं.

हवालदारानं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "पास माणूसले लागस आबा. कुत्रीना नियम माले कोणी सांगेल नही. तिले जाऊ द्या, तुम्ही आठेच थांबा."

अशी आमची कुत्री एकटी जिल्हा ओलांडून गेली. म्हणजे लगेच नाही. डॉक्टर तिला गाडीत ठेवायला गेले तर ती आबांच्या धोतराला नखं रुतवून बसली. आबा बांबूच्या अलीकडे गुडघ्यावर बसले. "जाय वं," ते म्हणाले, "मी आठेच शे." तिनं धोतर सोडलं. गाडी वळली आणि धुळ्याच्या दिशेनं दिसेनाशी झाली. आबा तरी तिकडेच बघत राहिले. आईच्या वेळी त्यांना दवाखान्याच्या दारातून हेच म्हणायचं होतं की काय, असं माझ्या मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

टेम्पोवाला भाऊ परतायची घाई करत होता, पण आबा हलायला तयार नव्हते. मी इथंच आहे असं तिला सांगितलंय, हे त्यांचं एकच उत्तर. हवालदारानं त्यांना तंबूतल्या खुर्चीवर बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि मग डॉक्टरांचा नंबर माझ्याकडून घेऊन त्यांनाच फोन लावून दिला. ऑपरेशन झालं की कळवतो, ती काही दिवस इथंच राहील, असं तिकडून ऐकल्यावर आबा कसेबसे उठले. संध्याकाळी फोन आला. कोय निघाली होती. आबांनी फोन कानाला लावून नुसतं हं हं केलं आणि मग परसात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

ती परत आली तीही नाक्यावरच. पोटाला पट्टी, गळ्यात पुठ्ठ्याचं नरसाळं, पण चाल ऐटबाज. हवालदारानं बांबू वर केला आणि तिला सलाम ठोकला. डॉक्टर पडद्यामागून आबांना रागावले, तेही प्रेमानं. कुत्र्याला कधी कोय देतात का, देताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"तिले आवडे," आबा म्हणाले. डॉक्टरांना वाटलं कुत्रीबद्दलच बोलतायत. ते पथ्य सांगू लागले, पेज द्या, तूप नको, पोळी नको. आबा मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. परतीच्या वाटेवर मी चार विषय काढून पाहिले, ते आपले उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले. मी म्हटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंबे पिळायला घेतले तर आबा म्हणाले, मी पिळतो, तू बस. आबा आणि स्वयंपाकघर हा योग मी जन्मात पाहिला नव्हता. भांडं कुठं आहे इथपासून विचारत त्यांनी रस काढला, कोपरापर्यंत माखले. आधी कुत्रीसमोर पेज ठेवली. मग मला रस वाढला, वाटी अगदी काठोकाठ, आणि भांड्यात थेंबही उरला नाही. मी म्हटलं, तुम्हाला? ते म्हणाले, तू जेव, मी मागून बसतो. आणि खरंच, माझं जेवण होईपर्यंत ते चुलीपाशी, आई बसायची त्याच जागी, गुडघा मोडून बसून राहिले. ते बघत होते म्हणून मी सगळं संपवलं.

मग त्यांनी उरलेल्या कोया पुढ्यात ओढल्या. एक उचलली, चोखली, फिरवून पुन्हा चोखली. दोरे दातांत अडकले ते काढले. दुसरी घेतली. तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यामा ते काहीच नही, वं," ते म्हणाले.

दारातून कुत्री उठली आणि नरसाळं चौकटीला आपटत त्यांच्याकडे आली.