भाऊजींच्या कमरेचा दाखला

आमच्या इमारतीतल्या सगळ्यात सज्जन माणसाला या देशात राहायची परवानगी नव्हती. बाकीचे आम्ही ऐटीत राहत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कचऱ्याची पिशवी जिन्यात ठेवून जातात, तळमजल्यावरचा दंतवैद्य दुसऱ्याच्या जागेत गाडी लावतो, आणि माझ्या पाठीमागे लोक काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. पण कागद आम्हा सगळ्यांकडे होते.

भाऊजी म्हणजे खाली शिलाईचं दुकान चालवणाऱ्या ताईंचे यजमान. तिला सगळी इमारत ताई म्हणते, म्हणून ते सगळ्यांचे भाऊजी. मीसुद्धा तसंच म्हणते, वयाने वीस वर्षांनी मोठी असून. ताई इथलीच. भाऊजी बाहेरदेशातून कापडाच्या कारखान्यात कंत्राटावर आले. लग्न झालं आणि महिन्याभरात कारखान्याला टाळं लागलं. कंत्राट गेलं, त्यामागोमाग परवाना गेला. त्या वेळचा नियम असा, की आधी देश सोडा, मग बाहेरून अर्ज करा. परत कधी घेतील, घेतील की नाही, हे कुणी छातीठोक सांगेना. मग भाऊजी गेलेच नाहीत. अकरा वर्षं दुकानाच्या दाराबाहेर इस्त्रीच्या टेबलामागे उभे राहिले.

नियम पाळावेत तर त्यांनी. रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबायचे. एकदा सिग्नलच बिघडला होता, तर वीस मिनिटं थांबले. बसमध्ये तिकीट उतरेपर्यंत हातात धरून बसायचे. फोटोची वेळ आली की "द्या, मी काढतो" म्हणून कॅमेरा घ्यायचे. इमारतीतल्या प्रत्येक बारशाचे, लग्नाचे फोटो त्यांनी काढलेत आणि एकातही ते स्वतः नाहीत. भांडण तर नावालाही नाही. गिऱ्हाईक घरून डाग घेऊन यायचं आणि इस्त्रीने पडला म्हणून ओरडायचं, तरी हे आपले "चुकलं हं" म्हणायचे. भांडण वाढलं की पोलीस येतात, आणि पोलीस आले की कागद मागतात. त्यामुळे दोघांच्या वाट्याचं भांडण एकटी ताई करायची, आणि कमी पडू द्यायची नाही. टेबलावर त्यांनी बारा महिने एक भली मोठी काळी छत्री बांधलेली असायची. मला वाटायचं, ऊन सोसत नसेल.

गेल्या वर्षी नवा नियम आला. दहा वर्षं संसार केलेल्यांना देश न सोडता अर्ज करता येईल. मंजूर झाला तर कायमचा परवाना. नामंजूर झाला तर तीस दिवसांत निघायचं आणि दहा वर्षं तोंड दाखवायचं नाही.

"नको," भाऊजी म्हणाले. "आहे ते बरं आहे. आपल्याच हाताने पायावर धोंडा कशाला?"

"काय बरं आहे?" ताई कडाडली. "दोन वर्षं दाढ ठणकतेय! खाली दंतवैद्य राहतो आणि तुम्ही नाव लिहावं लागेल म्हणून लवंग चघळताय!"

शेवटी दोघं माझ्याकडे आली. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि आता इमारतीचे अर्ज भरते. पुराव्यांची यादी काढली आणि डोक्याला हात लावला. घर ताईच्या नावावर, वीज ताईच्या नावावर, बँक ताईची, फोन ताईचा. दोघांचा फोटो एकच, लग्नातला, आणि त्यातही भाऊजी नेमके शिंकत होते. अकरा वर्षं या माणसाने आपला मागमूस राहू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं, आणि आता सरकार म्हणत होतं, मागमूस दाखवा.

मी म्हटलं, कागद नाहीत तर मुलाखत जिंकू. ही माझी हौस, आणि हीच माझी चूक. शंभर प्रश्न काढले, शंभर उत्तरं लिहिली आणि दोघांकडून घोटून घेतली. ताई मशीनवर पाय मारता मारता म्हणायची, भाऊजी इस्त्री फिरवता फिरवता म्हणायचे. "शेवटचं भांडण कशावरून झालं?" असा एक प्रश्न होता. त्याचं माझं उत्तर होतं: "किरकोळ मतभेद होतात, परंतु ते आम्ही सामंजस्याने सोडवतो." 'परंतु' म्हणताना भाऊजी अडखळायचे, म्हणून तो शब्द मी त्यांच्याकडून वीस वेळा म्हणून घेतला.

मुलाखती वेगवेगळ्या खोल्यांत झाल्या. मी बाहेर बाकावर बसले होते.

"बाई, सगळं आलं!" ताई बाहेर येऊन म्हणाली.

"मलाही," भाऊजी म्हणाले. "एक शब्द चुकला नाही. परंतुसुद्धा."

मी तर हवेतच होते. पंधरा दिवसांनी पत्र आलं. दोघांची उत्तरं शब्दशः एकच असल्याने हा विवाह कागदांपुरता असल्याचा संशय आहे. एक शेवटची संधी देण्यात येत आहे. साक्षीदारासही सोबत आणावे. साक्षीदार म्हणून नाव माझंच होतं.

मशीन थांबलं. भाऊजींनी इस्त्री उभी करून ठेवली, "तीस दिवस" एवढंच म्हणाले आणि पुढचा शर्ट घेतला. त्या दिवसापासून ते ताईला कुठल्या कापडाला इस्त्री किती गरम लागते ते सांगायला लागले. "मला माहीत आहे हो," ती म्हणायची. "तरी ऐक," ते म्हणायचे. मला वर दारापुढच्या गॅलरीत बसून हे सगळं ऐकू यायचं. माझी दोन मुलं पैकीच्या पैकी मिळवून नापास झाली होती आणि चूक शिकवणारीची होती. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या खेपेला आम्हा तिघांना एकाच खोलीत बसवलं. अधिकारी अंगाने भरलेले, चष्मा कपाळावर, शर्टाचं मधलं बटण जीव मुठीत धरून बसलेलं.

"पाठांतर कुणी करून घेतलं?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला. "मी. चौतीस वर्षं शिक्षिका होते."

"दिसतंय," ते म्हणाले आणि ताईकडे वळले. "आता बाईंनी न शिकवलेलं काहीतरी सांगा."

सगळ्या जगाशी भांडणारी ताई नुसती मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत राहिली. भाऊजी बुटांकडे बघत होते. अधिकाऱ्यांनी जरा वाट पाहिली आणि पिशवीकडे बोट केलं. "यात काय आहे? पुरावा?"

"नाही साहेब, मापांची वही आहे. परत जाताना एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायचंय."

"बघू."

ती जाडजूड वही. एका गिऱ्हाइकाला एक पान, आणि त्यावर वर्षावर्षाची मापं तारखेनिशी एकाखाली एक. साहेबांनी पानं उलटली आणि एका पानावर थांबले. तिथे नाव नव्हतं. वर नुसतं 'आमचे' लिहिलं होतं.

"आमचे म्हणजे?"

ताईने हनुवटीने भाऊजींकडे दाखवलं. "लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी यांना एक पॅन्ट शिवते."

साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"पहिलं वर्ष. कंबर तीस. धड जेवत नाहीत, काळजी वाटते. तिसरं वर्ष. बत्तीस. आता जेवतात. पाचवं. चौतीस. टेप आखडली आहे म्हणतात. टेप नवी आहे." साहेब थांबले, खाकरले. "सातवं. छत्तीस. खरं सांगितलं म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. शिवणीत दोन इंच माया सोडली आहे, लागेलच. नववं. अडतीस. श्वास आत ओढून उभे राहिले. खरी चाळीस. दहावं. माप घेऊ देत नाहीत. दुपारी झोपले होते तेव्हा घेतलं. एक्केचाळीस."

"झोपेत घेतलंस?" भाऊजींनी मान वर केली.

"मग काय करू? पॅन्ट हवेवर शिवू?"

"अकराव्याची ओळ कोरी आहे," साहेब म्हणाले.

"वाढदिवस गेल्याच महिन्यात झाला," ताईचा आवाज खाली गेला. "म्हटलं, निकाल लागू दे. यांना पाठवून दिलं तर पॅन्ट कुणासाठी शिवायची?"

मग साहेब म्हणाले, "घ्या आता."

ताईने गळ्यातली टेप काढली. भाऊजी उभे राहिले, आणि माप द्यायला उभं राहिल्यावर ते जे नेहमी करत असणार तेच त्यांनी केलं. पोट गायब झालं.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"मला शिकवता?" तिने त्यांच्या पोटावर एक चापटी मारली. "अकरा वर्षं बघतेय! सोडा!"

"अगं, साहेब बसलेत समोर—"

"साहेबांना काय पोट नाही?"

साहेबांचा हात आपसूक त्या मधल्या बटणावर गेला. भाऊजींनी डोळे मिटले आणि पोट सोडलं.

"बेचाळीस," ताई म्हणाली.

"एक्केचाळीस!" भाऊजी कुजबुजले.

"बेचाळीस," साहेबांनी स्वतःच्या हाताने कोऱ्या ओळीत लिहिलं, खाली तारीख घातली. "या पानाची प्रत लागेल."

दोन महिन्यांनी भाऊजींच्या नावाचं पत्र आलं. पोस्टमनने सही मागितली तेव्हा ते सवयीने ताईकडे वळले. "तुमचं आहे, तुम्ही करा," ती म्हणाली. अर्ज मंजूर झाला होता. तासाभरात ते दंतवैद्याच्या खुर्चीत होते, आणि तिथून थेट जिना चढून माझ्या दारात.

मला वाटलं, आभार मानायला आले. पण हात रिकामे, एक गाल सुजलेला आणि कान लाल.

"बाई, तुमच्या कुंड्या!"

"काय झालं कुंड्यांना?"

"कठड्यावरून पाणी गळतं त्यांचं! रोज सकाळी! माझ्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर! अकरा वर्षं!" त्यांचा आवाज वापरात नसल्यामुळे मध्येच चिरकत होता, पण वाढत होता. "ती छत्री काय मी हौसेने बांधली?"

"मग इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं का?" मीही चढ्या आवाजात म्हटलं. मला वरच्या पट्टीत बोललेलं खपत नाही.

"होतं!" ते म्हणाले.

खाली ताई दुकानातून बाहेर येऊन, कमरेवर हात ठेवून वर बघत होती. तिच्याशिवाय तिच्या घरचं भांडण चाललंय हे तिला खरं वाटत नव्हतं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "कुंड्या माझ्या आहेत, जिथे हव्या तिथे ठेवीन." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्यांखाली बशा ठेवल्या. एकीखाली मात्र ठेवली नाही. रोज नऊच्या सुमाराला मी तिला पाणी घालते आणि कठड्याशी उभी राहते. छत्री त्यांनी काढून टाकली आहे, त्यामुळे फार वेळ थांबावं लागत नाही.

"बाई!" ते ओरडतात. सगळ्या रस्त्याला ऐकू जातं.